रेतीवाडीचा चौक

६ जानेवारी २००४, मंगळवार

डोकं अजून तापलेलंच आहे. आज पुनर्वसन समितीच्या इंजिनिअरनं रेतीवाडीचा नकाशा ऑफिसात आणून दिला. नकाशा कसला, अंड्यांचा ट्रे! एकाला एक लागून खोकी, प्रत्येक खोक्याला नंबर. न्हाणी नाही, ओटा नाही, बाईनं धुणं कुठं वाळत घालायचं त्याचा पत्ता नाही. आणि हे म्हणे माणसांना परत उभं करणार.

दिवाळीनंतर नासर्डी नदीकाठच्या या वस्तीत नळावरच्या रांगेत एका मोटारसायकलचा धक्का लागला. त्यातून दोन गल्ल्या एकमेकींवर तुटून पडल्या. वरची गल्ली हिंदूंची, खालची मुसलमानांची. संध्याकाळपर्यंत दोन्हीकडची घरं जळाली होती. तेव्हापासून लोक पत्र्याच्या शेडमध्ये आहेत. समितीला परदेशी संस्थेचा पैसा मिळाला, आणि आराखड्याचं काम आमच्या मनोज पिंगळे सरांना.

मी सरांना सरळ म्हटलं, "हे मी काढणार नाही. लोकांना विचारून काढू. कॉम्प्युटर वस्तीत नेऊ, पडद्यावर त्यांची घरं त्यांनाच मांडू देऊ."

मला वाटलं, सर चिडतील. ते उठून खिडकीपाशी गेले आणि म्हणाले, "संजना, अख्ख्या ऑफिसात तुझ्याएवढं डोकं कुणाला नाही. कर."

दुसरा कुठला आर्किटेक्ट असं म्हणाला असता? घरी वडिलांना सांगितलं. दादा नोटांच्या प्रेसमधून रिटायर झाल्यापासून कशालाच चांगलं म्हणत नाहीत. म्हणाले, "एवढ्या लवकर हो म्हणाला?"

१८ जानेवारी, रविवार

पहिली बैठक. वस्तीतल्या शाळेची एकच खोली जळाली नव्हती, तिथं. भाड्याचा प्रोजेक्टर, ऑफिसचा लॅपटॉप, भिंतीवर पांढरी चादर.

सुरुवात वाईट झाली. आत शिरताच वरच्या गल्लीतल्या धोंडीराम आव्हाडांनी आडनाव विचारलं. गांगुर्डे म्हटल्यावर नुसतं "अस्सं" म्हणाले. खालच्या गल्लीतल्या एकानं विचारलं, "मॅडम, तुम्ही त्यांच्यातल्या की आमच्यातल्या?" मी म्हटलं, "मी नाशिकरोडची." कोणी हसलं नाही. अर्धे या भिंतीला, अर्धे त्या भिंतीला, मध्ये रिकामी सतरंजी.

पण पडद्यावर वस्ती आल्यावर सगळे सरसावून बसले. दहा दिवस फिरून, टेप लावून जुन्या घरांची मापं घेतली होती, त्यातून गल्ल्या उभ्या केल्या होत्या. माउस फिरवला की माणूस आपल्या दारापर्यंत चालत गेल्यासारखं वाटतं. एक म्हातारा ओरडला, "आरं, ही तर माझी पायरी!" मग बायका बोलायला लागल्या. नळ इथं नको, तिथं चिखल होतो. चूल मागं पाहिजे. संडासाची दारं गल्लीकडं नकोत.

मी मध्ये एक चौक काढून दाखवला. दोन्ही गल्ल्यांची तोंडं त्यात. झाड, ओटा, पोरांना खेळायला जागा. विचारलं, "चालेल?" दोन्ही भिंतींवरून माना हलल्या.

परत येताना रिक्षात मी रडले. आनंदानं.

२५ जानेवारी, रविवार

ढोंगी लोक! सगळे ढोंगी!

बैठकीत माना डोलावल्या आणि आठवडाभर एकेक जण चोरून येतोय. "मॅडम, कुणाला सांगू नका, पण आमचं घर जरा अलीकडं घ्या." "ताई, मध्ये भिंत टाकता यील का?" खालच्या गल्लीतल्या शमशादबी तर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चौक तुम्हारे घर के सामने बनाओ. आम्हाला भिंत पायजे. वर काचा लावून."

त्यांचं शिलाईचं दुकान जळालं. मशीन बाहेर काढताना त्यांच्या नवऱ्याचे, मास्टरांचे, दोन्ही हात भाजले. बोटं वळत नाहीत. मला कळतं सगळं. पण भिंत? परत पेटवायचंय का हे सगळं?

आणि ती पुतळाबाई! तिचं घर वरच्या गल्लीच्या तोंडाशी होतं, शमशादबींच्या दुकानासमोर. घराला धक्काही लागला नव्हता, पण नव्या आखणीत तेही पाडावं लागणार. म्हातारी म्हणते, "माझं घर पार टोकाला टाक. नदीकडं. दार बी नदीकडंच."

"तिथं पुराचं पाणी येतं, मावशी."

"यिऊ दे. त्या बाईसमोर दार नको मला. रोज उठून कसं बघू तिच्याकडं?"

एवढा द्वेष! घराची एक काडीही जळलेली नाही, आणि जिचं सगळं गेलं तिचं तोंड बघायला हिला नको. मी म्हटलं, "तुमच्यासारख्यांमुळेच ही वस्ती जळाली." ती पदर तोंडाला लावून निघून गेली. जाऊ दे. कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

तिचा मुलगा यादव दिवाळीपासून सुरतेला कामाला आहे म्हणे. म्हातारी एकटीच असते. अशा स्वभावाच्या बाईजवळ कोण राहील?

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सरांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, म्हणतील सोड. उलट त्यांनी व्हिडिओ कॅमेरा दिला. "हे जे एकटे येऊन बोलतात ना, ते रेकॉर्ड कर. भिंत मागतात, लांब घर मागतात, सगळं. डॉक्युमेंटेशन असू दे. उद्या जगाला दाखवता येईल, कुठून सुरुवात झाली होती."

किती पुढचा विचार करतात! मी लोकांना सांगितलं, टेप आपल्याजवळच राहील. बोलले मग.

टेपबरोबर फायलीही सरांनी सीडीवर मागून घेतल्या. म्हणाले, "घरं तू बघ. रस्ता, ड्रेनेज, लायटीचे खांब, हे सगळं माझ्यावर सोड. तुला त्यात अडकवत नाही." कोणती घरं हलवली तर फार आरडाओरडा होणार नाही, हेही विचारून घेतलं. पाइप टाकायचे म्हणून असेल.

७ मार्च, रविवार

जमलं! सहा आठवडे भांडले या लोकांशी. भिंत नाही म्हणजे नाही, असं बजावलं. शेवटी शमशादबींना म्हटलं, तुमचं दुकान चौकाच्या तोंडाशी घेते, गिऱ्हाईक दोन्हीकडून येईल. त्या पडद्यापाशी गेल्या, दुकानाच्या जागेवर बोट ठेवलं. म्हणाल्या, "गिऱ्हाईक येणार, आग पण येणार. बघू."

आज सगळ्यांनी आराखडा मान्य केला. धोंडीराम आव्हाडांनी स्वतः चहा सांगितला. पुतळाबाई तेवढी आली नाही. तिला नदीकाठीच घर दिलंय. बस म्हणावं तिथं.

२४ मार्च, बुधवार

रागात लिहितेय. अक्षर लागणार नाही मला उद्या.

त्र्यंबक रोडवरच्या हॉटेलात समितीपुढे सादरीकरण. परदेशी संस्थेचे दोन पाहुणे, समितीचे अध्यक्ष, दोन बिल्डर. बिल्डर कशाला, हे मी विचारायला हवं होतं. मी वस्तीतल्या कुणाला बोलावू का म्हटलं तर सर म्हणाले, जागा कमी आहे.

सरांनी लॅपटॉप लावला. माझी रेतीवाडी. माझ्या पायऱ्या, माझे ओटे, संडासांची फिरवलेली दारं. आणि मधोमध, चौकाच्या जागी, हमरस्ता. बायपासला जोडणारा. एका बाजूला वरची गल्ली, दुसऱ्या बाजूला खालची, रस्त्याला तोंड करून व्यापारी संकुल. आणि ज्यांची घरं हलवली तर आरडाओरडा होणार नाही असं मी सांगितलं होतं, ती सगळी शहराबाहेर, विल्होळीच्या पुढं, माळावर.

पाहुण्यांतल्या बाईनं विचारलं, लोकांना हे मान्य आहे?

सर म्हणाले, "त्यांचीच मागणी आहे." आणि टेप लावली. "ताई, मध्ये भिंत टाकता यील का." "आमचं घर अलीकडं घ्या." शमशादबी, काचांची भिंत मागताना. एकामागून एक चेहरे, आणि प्रत्येक जण कॅमेऱ्याच्या मागं असलेल्या माझ्याकडे विश्वासानं बघतोय.

"भिंतीपेक्षा रस्ता जास्त माणुसकीचा," सर म्हणाले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी उठले. म्हटलं, "हे खोटं आहे. सात तारखेला सगळ्यांनी वेगळाच आराखडा मान्य केलाय." अध्यक्ष हसून म्हणाले, "मॅडम तरुण आहेत. वस्तीशी फार जवळीक झाली त्यांची." सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मी झटकला. पाण्याचा ग्लास पडला, फुटला. पडू दे. बाहेर आल्यावर सर मागून आले. "संजना, शहर भावनेवर चालत नाही. प्रोजेक्टवर तुझं नाव राहील."

माझं नाव! म्हणजे लोकांच्या शिव्या नेमक्या कुणाला पडायच्या, तेही ठरवून ठेवलंय.

उद्यापासून ऑफिसात पाय ठेवणार नाही.

२५ मार्च, गुरुवार

सकाळीच वस्तीत गेले आणि सगळं सांगितलं. शाळेच्या खोलीत पुन्हा अर्धे या भिंतीला, अर्धे त्या.

माझं संपलं. मग शमशादबी उठल्या. "आम्ही तुझ्याकडं बोललो. तुझ्याकडं! ते त्यांच्याकडं कसं गेलं?"

"मीच दिलं."

"क्यों?"

 माझा विश्वास होता, असं म्हणणार होते, पण त्यांच्यासमोर तो शब्द तोंडातून निघेना.

धोंडीराम आव्हाड ओरडले, "आम्हाला खेळ दाखवला हिनं! सिनेमा दाखवून घरं नेली!" एकानं चादर भिंतीवरून ओढून फाडली. मी दारापर्यंत आले तर पुतळाबाई पायरीवर बसलेली. मला वाटलं, आता हीही बोलणार. ती म्हणाली, "रस्ता कुठून जातो, ते आधी दाव."

"चौकातून."

"म्हंजी हिच्या दुकानावरून?"

"हो."

म्हातारी उठली, खोलीत गेली आणि खच्चून ओरडली, "भांडता काय तिच्याशी? भांडायचं तर त्या भाड्यांशी भांडा!"

२ एप्रिल, शुक्रवार

समितीच्या ऑफिसात सगळे निवडणुकीच्या कामाला लागलेत. निवेदन घ्यायलाही माणूस नाही. एक कारकून म्हणाला, मतदान झालं की मशीन येणार, जागा सपाट करायला.

यावर वस्तीनं ठरवलं ते असं: मशीन येण्याआधी जोती भरायची. घर बांधायला वेळ लागतो. जोतं भरून माणूस त्यावर बसला की त्याला उठवणं सोपं नसतं. येत्या शुक्रवारी गुड फ्रायडे, मग शनिवार-रविवार. नदीतले दगड, जळक्या भिंतींच्या विटा. वस्तीत गवंडी पुष्कळ. पेठकडचा वाळू भोये नावाचा आदिवासी मजूर आणि त्याची माणसंही येतो म्हणाली. ती शेडमध्येच राहतात, त्यांचं नाव कुठल्याच आराखड्यात नव्हतं. माझ्याही. त्यानं मला ते तोंडावर ऐकवलं, आणि मी मान खाली घालून ऐकलं.

मूळ फायलींची एक सीडी माझ्याकडे घरी आहे. कॉलेजच्या मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर ती उघडली, शालिमारच्या दुकानात प्रिंट काढल्या. माझा चौक त्यावर बघून जरा बरं वाटलं.

आज प्रिंट घेऊन गेले तर शमशादबी म्हणाल्या, "चौक काढून टाक."

"काय?"

"रस्ता मोकळ्या जागेतून जातो ना? मग मोकळी जागाच नको. तिथं घरं पायजेत."

मी भडकले. हा चौक म्हणजे या आराखड्याचा जीव आहे, दोन्ही गल्ल्या एकत्र येणार त्या तिथंच, असं काय काय बोलले. धोंडीराम आव्हाडांनी शांतपणे विचारलं, "पोरी, चौक कुणाला पायजे होता?"

मी जानेवारीपासून आठवून बघितलं. कुणीच मागितला नव्हता. मी विचारलं होतं, चालेल का, आणि त्यांनी माना हलवल्या होत्या.

प्रिंटवरचा चौक पेन्सिलनं खोडायला क्षणभर लागला. नवी घरं मांडायला दुपार गेली. दोन्ही गल्ल्यांतली घरं एकमेकांत घुसवून मध्ये आणायची होती. तिथं राहायला कोण जाणार, हा प्रश्न आला तेव्हा कुणी पुढं येईना. भीती वाटणारच.

पुतळाबाई म्हणाली, "माझं टाक. हिच्या समोर."

शमशादबींनी तिच्याकडे बघितलं. मला त्यांच्या नजरेचा अर्थ लागला नाही.

९ एप्रिल, शुक्रवार

उन्हानं कातडी सोलली. नऊपर्यंत चुन्याच्या फक्कीनं सगळ्या रेघा मारून झाल्या. मी प्रिंटवरून मापं वाचत होते, एका टोकाला वरच्या गल्लीतला माणूस, दुसऱ्या टोकाला खालच्या गल्लीतला, मध्ये ताणलेली दोरी. एकमेकांशी बोलत नव्हते. "ढिली" आणि "ताण", एवढंच.

दुपारी एक नवाच माणूस आला. तिशीचा, दाढी वाढलेली, खांद्याला बॅग. पुतळाबाईच्या जोत्याशी येऊन उभा राहिला. मी म्हटलं, "बघत काय बसलाय? घमेलं उचला." त्यानं बॅग ठेवली आणि जे काम सुरू केलं! दोघांचे दगड एकटा आणत होता. संध्याकाळी मी सगळ्यांसमोर म्हटलं, "असे चार जण असते तर उद्याच झालं असतं." लोक घमेली आवरायला लागले. मास्टर उठून शेडमध्ये गेले.

नंतर कळलं, तो यादव. आईनं बोलावून घेतला. उशिरा का होईना, आईची आठवण झाली म्हणायची.

११ एप्रिल, रविवार

मी किती आंधळी होते ते लिहायला शब्द नाहीत.

चारच्या सुमारास शेवटचं जोतं भरून झालं, शमशादबींच्या दुकानाचं. तेही यादवनंच भरलं. दोन दिवस तो त्यांच्या जोत्यावर राबत होता आणि मी मनात म्हणत होते, बघा, शेजारधर्म.

तो हात धुवायला गेला तेव्हा शमशादबी पुढं झाल्या. "झालं?"

"झालं."

"चल मग."

पुतळाबाईनं डोक्यावर पदर घेतला आणि मुलाच्या दंडाला धरलं. मी विचारलं, "कुठं?"

"चौकीत," ती म्हणाली. "दुकानाला काडी यानंच लावली. मी दारातूनच बघितली."

 नदीकाठचं घर, नदीकडचं दार. रोज उठून कसं बघू तिच्याकडं! आणि मी तिला काय बोलले होते!

शमशादबी मला म्हणाल्या, "ही शुक्रवारी आली माझ्याकडं. म्हणाली, बोलावलाय त्याला, तुला काय करायचं ते कर. मी म्हटलं, पहले नींव भर. फिर चौकी."

"माफ केलं नाहीत?"

त्या माझ्यावर इतक्या जोरात ओरडल्या की दोरी गुंडाळणारे थांबले. "मास्टरचे हात बघितले तू? कशाला माफ करू?"

त्या तिघांच्या मागोमाग मीही गेले. हवालदार निवडणुकीच्या बंदोबस्ताला वैतागलेला. म्हणाला, तक्रार अज्ञात इसमांविरुद्ध आहे, आता कशाला उकरता, मिटवून टाका, बाई. पुतळाबाई टेबलाशी जाऊन म्हणाली, "अज्ञात नाय, सायेब. यादव चिमाजी शिरसाठ. माझा पोरगा हाय. ल्हिवा."

यादव भिंतीकडे बघत होता. त्याच्या सोललेल्या बोटांतून रक्त येत होतं. शमशादबींनी ते पाहिलं आणि मान फिरवली. जबाब लिहून होईपर्यंत दोघी बाया एकाच बाकावर बसल्या होत्या. मध्ये एका माणसाची जागा सोडून.

२९ एप्रिल, गुरुवार

मशीन आलं. प्रत्येक जोत्यावर माणूस. वाळू भोयेची माणसंसुद्धा, स्वतःच्या जोत्यावर. समितीचा इंजिनिअर हातवारे करून थकला. धोंडीराम आव्हाड खालच्या गल्लीतल्या जोत्यावर जाऊन बसले होते, कारण त्या घरातला म्हातारा आजारी होता. त्याचं त्यांनी एका शब्दानंही कौतुक होऊ दिलं नाही. मला म्हणाले, "सावली होती तिथं."

सावली नव्हती.

मशीन परत गेलं.

३० मे, रविवार

घरं कंबरेपर्यंत आली. रस्ता आता वस्तीला वळसा घालून नेणार, असं कारकून सांगतो. यादव जामिनावर सुटला. खटला चालेल. तो गल्लीतून जातो तेव्हा मास्टर पाठ फिरवतात, आणि फिरवू देत. पुतळाबाई दार उघडं ठेवते. त्यातून आत-बाहेर फारसं कुणी करत नाही.

आज सकाळी मनोज सरांचा फोन आला. अगदी नेहमीच्या आवाजात. "संजना, पाहुणे परत आलेत. लोकांनी स्वतः बांधलं म्हणून भारावलेत. कॉम्प्युटरवर लोकांनी केलेलं हे पहिलंच काम, असं छापतोय आपण. तू वस्तीत ये, दोन शब्द बोल."

आपण!

बोलायचं ठरवून गेले. काय काय सुनवायचं ते रिक्षात जुळवत होते. पोचले तर दोन गाड्या वस्तीच्या तोंडाशी उभ्या. सर, अध्यक्ष, पाहुणे, कॅमेरावाला. आणि गल्लीत आडवं बाजलं टाकून शमशादबी आणि पुतळाबाई बसलेल्या.

अध्यक्ष म्हणाले, "अहो, पाहुण्यांना आतून बघायचंय."

"काम चालू हाय," पुतळाबाई म्हणाली.

"पाच मिनिटं फक्त."

"इथून दिसतं तेवढं बघा," शमशादबी म्हणाल्या.

सरांनी मला पाहिलं आणि जीव भांड्यात पडल्यासारखे पुढं आले. "संजना, तू सांग यांना जरा."

माझ्या ओठांवर सगळं तयार होतं. पण शमशादबींनी बाजल्याचं एक टोक उचललं, एक माणूस जाईल एवढीच फट केली आणि मला म्हणाल्या, "तू आत ये. गवंडी खोळंबलाय."

मी आत गेले. मागं बाजलं पुन्हा खाली टेकल्याचा आवाज आला. गवंड्याला मास्टरांच्या घराची खिडकी किती उंच घ्यायची ते विचारायचं होतं. बसून शिवताना उजेड हातावर पडायला हवा, मास्टर म्हणाले. त्यांची बोटं थोडी वळायला लागलीत.